तेलाच्या गावातील केस

मेघदूतातील यक्ष मेघाला वाट वाकडी करून उज्जयिनीवरून जायला सांगतो, तेव्हा एक लालूचही दाखवतो. तेथील स्त्रिया केसांना जो धूप देतात, तो गवाक्षांतून बाहेर पडेल आणि तुझे अंग भरून येईल, असे तो म्हणतो. वर्गात हा श्लोक शिकवताना आपण सुगंधावर थांबतो, उष्णतेकडे लक्ष देत नाही. वास्तविक ओल्या केसांना निखाऱ्याची ऊब देण्याचा हा संस्कार आपल्या घरांतही अगदी अलीकडेपर्यंत होता. बाळंतिणीला न्हाऊ घातल्यावर शेगडीत ऊद टाकून तिचे केस धुरीवर धरीत. निखारा आणि केस यांच्यामध्ये हातभर अंतर असे, आणि केसांचे रक्षण ते अंतरच करी. त्यासाठी निराळे काही लावावे लागत नसे.

हे अंतर संपले ते तापलेल्या लोखंडामुळे. १८७२च्या सुमारास पॅरिसच्या मार्सेल ग्रातो याने तापवलेल्या चिमट्याने केसांना लाटा पाडण्याची रीत रूढ केली. चिमटा आधी कागदावर दाबून पाहायचा आणि कागद करपला तर थांबायचे, ही तिच्यातली खबरदारी. अमेरिकेत मॅडम सी. जे. वॉकर (१८६७–१९१९) यांच्या पद्धतीत तापलेला कंगवा फिरवण्यापूर्वी केसांना स्निग्ध लेप लावीत. कंगवा घसरे, केस चमकत; परंतु तोच लेप वितळून टाळूवर उतरला की चटकाही बसे. स्निग्ध पदार्थ केव्हा राखतो आणि केव्हा भाजतो, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

अमळनेरचे नाव निघाले की आपण साने गुरुजी, प्रताप तत्त्वज्ञान केंद्र, १९५२ आणि २०२४ची साहित्य संमेलने यांविषयी बोलतो. बोरीकाठच्या या गावाला तेलाचाही इतिहास आहे, त्यावर मात्र आम्हा साहित्याच्या मंडळींनी फारसे लिहिलेले नाही. मोहमद हाशम प्रेमजी यांची वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी २९ डिसेंबर १९४५ रोजी नोंदली गेली, तिचा कारखाना येथेच उभा राहिला. सनफ्लॉवर वनस्पती तूप आणि ७८७ हा कपडे धुण्याचा साबण ही तिची सुरुवातीची उत्पादने. हीच पुढे विप्रो झाली. भुईमूग, तीळ, सरकी यांच्या या मुलुखात तेल घराघरांत होते, आणि पंचेचाळीस अंशांपर्यंत जाणाऱ्या उन्हाळ्यात केसांना ते चोपडणे हा शहाणपणाच होता. सारे रक्षण तेलाकडे, ही समजूत तिथून आली असावी, असे आम्हांस वाटते.

ही समजूत किती खरी, हे पाहण्याचे काम गंमत म्हणजे तेल विकणाऱ्यांनीच केले. मॅरिकोच्या मुंबईतील संशोधन विभागातील ए. एस. रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची त्यात तुलना आहे. केसांतील प्रथिनांची झीज लक्षणीय कमी केली ती एकट्या खोबरेलाने. त्यातील लॉरिक आम्लाची साखळी लहान आणि सरळ, म्हणून ते केसाच्या आत शिरते. सूर्यफुलाच्या तेलातील लिनोलिक आम्ल द्विबंधांमुळे वाकलेले, म्हणून त्याला आत वाट मिळत नाही. (असेच द्विबंध हायड्रोजनने भरून अमळनेरात वनस्पती तूप बनत होते, ही एक जाता जाता नोंद.) पण खोबरेलाचे हे गुण प्रामुख्याने धुण्याविंचरण्यातल्या झिजेपुरते आहेत. दोनशे अंशांच्या पट्टीसमोर ते कामी येतील, असे त्या निबंधावरून म्हणता येत नाही.

त्या पट्टीसाठी जे बनते ते निराळे. डायमेथिकोनसारखी सिलिकोने आणि काही बहुवारिके केसाच्या आत शिरत नाहीत, वरच पातळ थर धरतात. ती उष्णता वाहण्यात मंद असतात, त्यामुळे केस एकदम न तापता सावकाश तापतो आणि उष्णता सारखी पसरते. शेगडीवरचे हातभर अंतर येथे केसाहूनही पातळ होऊन परत आले आहे, इतकेच. सिलिकोनाधारित लिव्हॉन हे नाव २०१२मध्ये मॅरिकोकडेच आले. ज्या कंपनीचे खोबरेल, तिचेच सिरम, आणि तिचा एक कारखाना जळगावात; खानदेशाचा या कथेशी संबंध असा सुटता सुटत नाही.

दोन वर्षांपूर्वी अमळनेरातच एका लग्नाला गेलो असता आमच्या नात्यातील मुलीने केसांना भरपूर तेल लावले आणि त्यावरच एका पार्लरमध्ये पट्टी फिरवून घेतली. केस भाजू नयेत म्हणून आजीने आग्रहाने दिलेले ते तेल होते. मांडवात करपट वास आला तेव्हा आधी सर्वांचे लक्ष आचाऱ्याकडे गेले. आजीचे चुकले असे म्हणायला आमची जीभ धजली नाही, कारण तिने तिच्या काळातले उत्तर दिले होते. प्रश्न मात्र बदलला होता.

मुलीला आम्ही नंतर जे सांगितले ते असे. तेल धुण्याच्या आदल्या रात्री लावावे. धुतलेल्या दमट केसांना उष्णतेपासून राखणारा फवारा अथवा मलम लावून तो कंगव्याने टोकांपर्यंत पसरवावा; केस बारीक असतील तर फवारा, दाट व राठ असतील तर मलम वा सिरम. विकत घेताना वेष्टनावर उष्णतेसाठी असल्याचा उल्लेख आणि घटकांत सिलिकोन वा बहुवारिके आहेत का, ते वाचावे. नुसते ‘पोषण’ हा शब्द पाहून फसू नये. केस पूर्ण वाळल्याशिवाय पट्टी लावू नये, कारण आतले पाणी उकळून केसात बुडबुडे धरतात आणि तो तेथेच तुटतो. पट्टी २३० अंशांपर्यंत जाते म्हणून तितकी तापवू नये, १८०च्या आत ठेवावी, आणि एका बटेवरून शक्यतो एकदाच फिरवावी. एवढे करूनही झीज कमी होते, थांबत नाही.

तिने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, “मग आजीला काय सांगू?” तेल लावत राहा, फक्त शनिवारी रात्री, असे सांग म्हटले.