घाटात रेंज गेली तर रस्ता कशावर बघायचा?

जीपीएसला रेंज लागत नाही, ते उपग्रहावर चालतं. रेंज लागते ती नकाशा उतरवायला. म्हणून गगनबावड्याकडं निघताना तेवढा भाग कोल्हापुरातच मोबाईलवर ऑफलाइन उतरवून ठेवा. गाडीतल्या वेगळ्या यंत्रात नकाशा भरलेला येतो, पण वेळोवेळी नवा केला नाही तर जुना होतो. त्यासाठी पैसे घालायची गरज नाही.

कागदी नकाशा मात्र असू द्या. गगनबावड्यातून दोन घाट फुटतात: करूळ वैभववाडीकडं, भुईबावडा खारेपाटणकडं. एक बंद असला तर दुसरा कुठं निघतो, हे कागदावर एका नजरेत दिसतं.

पावसाळ्यात आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची. इशारा ३९ फूट, धोका ४३. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता.