मसाल्याची लाकडी मांडणी घरच्या घरी : लाकूड निवडण्यापासून भिंतीवर बसवण्यापर्यंत काय काळजी घ्यावी?

भोर / वेल्हे : वर्षाचा मसाला उन्हाळ्यात करून ठेवायचा, मिरची-हळद-धणे डब्यांत भरायचे आणि पावसाळाभर ते कोरडे राहतील हे बघायचं, ही इथल्या घरोघरची रीत. हिरडस मावळ, गुंजण मावळ आणि वेळवंड खोऱ्यात पावसाचा जोर मोठा. त्यामुळे डबे जमिनीवर किंवा ओलसर कोनाड्यात ठेवले की मसाल्याला बुरशी धरते. म्हणून स्वयंपाकघरात छोटी लाकडी मांडणी असली तर सोय होते. दोन दिवसांत हाताने करता येईल असं हे काम आहे. मात्र चुकीचं लाकूड, कच्ची भिंत किंवा घाई यामुळे भरलेल्या बरण्यांसकट मांडणी अंगावर येऊ शकते. खाली चुलीजवळ बसलेलं लहान मूल असेल तर काच आणि तिखट दोन्हींचा धोका असतो. काम करण्याआधी ही माहिती नीट वाचावी.

लाकूड कुठलं घ्यावं?

साग सगळ्यात चांगला, पण महाग. आंबा, शिवण, फणस किंवा सिल्व्हर ओकच्या फळ्याही चालतात. आंब्याच्या लाकडाला किडा आणि वाळवी लवकर लागते, त्यामुळे ते ओल धरणाऱ्या भिंतीला लावू नये.

लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. ओल्या लाकडाची फळी नंतर वाकते, तडकते आणि स्क्रू ढिले पडतात. वाळलंय का हे बघायची सोपी रीत अशी : फळीचा एक तुकडा वजनकाट्यावर मोजावा, आठ दिवस घरात वाऱ्याला ठेवावा आणि पुन्हा मोजावा. वजन घटलं तर लाकूड अजून ओलं आहे. दिवाळीनंतर ते मेपर्यंतचा काळ या कामाला चांगला. पावसाळ्यात केलेली मांडणी उन्हाळ्यात आकसते.

बांधावरचं झाड तोडून फळ्या काढायचा विचार असेल तर आधी थांबावं. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ नुसार साग, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, हिरडा अशी अनुसूचित झाडं स्वतःच्या मालकीच्या जागेतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी चौकशी करावी. वखारीतून लाकूड घेतलं तर पावती जपून ठेवावी.

ही लाकडं वापरू नयेत

• पॅकिंगच्या पेट्या आणि पॅलेट : परदेशातून आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो. त्यावर इंग्रजीत 'एमबी' अक्षरं असतील तर त्या लाकडाला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. 'एचटी' म्हणजे फक्त उष्णता देऊन किडे मारलेले. शिक्काच नसेल किंवा लाकडावर तेला-रसायनाचे डाग असतील तर ते स्वयंपाकघरात आणू नये.

• जुन्या रंगाच्या खिडक्या-दारं : जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासला की शिशाची धूळ घरभर होते आणि लहान मुलांच्या मेंदूला ती घातक असते.

• जळकं तेल, डांबर किंवा शेतातलं कीटकनाशक लावलेली लाकडं : वाळवीसाठी गोठ्याच्या खांबांना गाडीचं जळकं तेल चोपडतात. ते गोठ्यापुरतंच ठेवावं. खाण्याच्या वस्तू ठेवायच्या फळीला असलं काहीही लावू नये.

माप आणि सामान

खाली दिलेली मांडणी २ फूट रुंद, २ फूट उंच आणि ५ इंच खोल आहे. तीन फळ्यांवर मिळून बारा ते पंधरा बरण्या बसतात.

• उभ्या फळ्या : २ नग, २४ इंच लांब, ५ इंच रुंद, पाऊण इंच जाड
• आडव्या फळ्या : ३ नग, साडेबावीस इंच लांब, रुंदी व जाडी तीच
• मागच्या पट्ट्या : २ नग, साडेबावीस इंच लांब, अडीच इंच रुंद, पाऊण इंच जाड
• पुढच्या पट्ट्या : ३ नग, २४ इंच लांब, १ इंच रुंद, अर्धा इंच जाड
• २ इंची लाकडाचे स्क्रू दोन डझन, लाकूडकामाचा डिंक, पुढच्या पट्ट्यांसाठी बारीक खिळे, पॉलिश पेपर
• भिंतीसाठी ३ इंची स्क्रू ४ नग आणि ८ मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्या

५ इंच रुंदीची फळी साधारण ११ फूट घ्यावी. त्यात कापताना वाया जाणारं लाकूडही धरलेलं आहे.

काम करताना

१. मापं पेन्सिलीने आखावीत आणि गुण्या लावून रेघ काटकोनात आहे का ते बघावं. दोन्ही उभ्या फळ्या एकमेकींना चिकटवून एकदमच खुणा कराव्यात, म्हणजे आडव्या फळ्या तिरक्या बसत नाहीत.

२. कापताना फळी शिकंज्यात किंवा पाटावर घट्ट धरावी. पायाखाली दाबून करवत चालवली की ती सटकून पायावर येते. पटाशी वापरताना दुसरा हात कायम पटाशीच्या मागे ठेवावा, धारेसमोर ठेवू नये.

३. मशिनवर काम असेल तर डोळ्यांना चष्मा आणि पायात बूट घालावेत. गळ्यातला टॉवेल, ओढणी, बांगड्या, सैल बाह्या आवरून घ्याव्यात. फिरणाऱ्या पात्याजवळ हातमोजे घालू नयेत, ते पात्यात ओढले जातात. मध्येच लाईट गेली तर मशिनचं बटण आधी बंद करून प्लग काढावा. हे राहून गेलं आणि लाईट परत आली, तर मशिन आपोआप सुरू होतं.

४. घासकाम अंगणात करावं आणि तोंडाला मास्क किंवा ओलं फडकं बांधावं. लाकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे नाकात गेल्यास नाकाचा कर्करोग होऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवलं आहे. एका मांडणीने तो होणार नाही, पण दमेकऱ्याला एक दिवसही पुरतो.

५. आडव्या फळ्यांच्या जागा अशा : पहिली सगळ्यात खाली, तिच्यावर ९ इंच मोकळी जागा सोडून दुसरी, मग ७ इंच सोडून तिसरी. उरलेल्या पावणेसहा इंचात छोट्या बरण्या बसतात. प्रत्येक टोकाला आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडावं, डिंक लावावा आणि मग दोन-दोन स्क्रू आवळावेत. भोक न पाडता स्क्रू घुसवला तर फळी टोकाला फाटते. नुसत्या खिळ्यांवर भागवू नये.

६. मागची एक पट्टी तिसऱ्या फळीच्या खाली चिकटून आणि दुसरी तळाच्या फळीच्या वर चिकटून बसवावी. दोन्ही बाजूंनी स्क्रू द्यावेत. सगळं वजन याच पट्ट्यांमधून भिंतीवर जाणार असतं.

७. पुढच्या पट्ट्या फळीच्या वर अर्धा इंच फट सोडून खिळ्यांनी लावाव्यात. पट्टीमुळे बरणी घसरत नाही आणि फटीतून सांडलेलं तिखट पुसून काढता येतं.

तेल लावलेली फडकी धोक्याची

मांडणीला रंग न देता खायच्या जवसाच्या तेलाचा हात दिला तरी चालतो. पातळ थर द्यावा, वाळू द्यावा, मग दुसरा द्यावा. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या उकळलेल्या जवसाच्या तेलात लवकर वाळण्यासाठी धातूंची रसायनं घातलेली असतात, ते इथे नको.

जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आतल्या आत तापतात आणि काडी न लावताही पेट घेऊ शकतात. काम झालं की फडकी मोकळी पसरून अंगणात वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. पेंढा, गवत किंवा गोवऱ्यांजवळ ती अजिबात टाकू नयेत.

भिंत कुठली आहे, ते आधी बघा

भाजलेल्या विटा किंवा काँक्रीट : पट्टीची पाऊण इंच जाडी, प्लास्टरचा साधारण पाऊण इंच आणि आत विटेत दीड इंच, असा हिशोब धरून ३ इंची स्क्रू लागतो. गिट्टी नुसत्या प्लास्टरमध्ये राहिली तर मांडणी काही दिवसांत खाली येते. भोक विटेत पाडावं, दोन विटांच्या सांध्यात पाडू नये.

पोकळ सिमेंट ब्लॉक : साधी गिट्टी आत फिरत राहते. पोकळ भिंतीसाठी मिळणाऱ्या पसरणाऱ्या गिट्ट्या वापराव्यात.

दगड-माती, कच्च्या विटा किंवा कारवीचा कूड : अशा भिंतीला मांडणी टांगूच नये. मातीत गिट्टी धरत नाही. उभ्या फळ्या जमिनीपर्यंत लांब करून मांडणी जमिनीवर उभी करावी आणि वरच्या बाजूने घराच्या लाकडी खांबाला स्क्रूने किंवा तारेने बांधावी. तिच्या पायाखाली दगड किंवा फरशीचा तुकडा द्यावा, म्हणजे ओल आणि वाळवी वर चढत नाही.

भोक पाडण्याआधी भिंतीतल्या वायरचा विचार करावा. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नये. स्वयंपाकघराची एमसीबी बंद करावी. घराला एकच मेन स्विच असेल तर तो बंद करून बॅटरीवरचं ड्रिल वापरावं. भिंतीतल्या नळाची दिशाही विचारून घ्यावी.

पाणसळ नसेल तर गवंड्याची पाण्याची नळी वापरून दोन्ही टोकं एका पातळीत आणता येतात.

मांडणी बसवल्यावर लगेच बरण्या ठेवू नयेत. तीन फळ्यांवर मिळून सहा विटा ठेवाव्यात, साधारण १८ किलो वजन होतं. भरलेल्या पंधरा बरण्यांच्या वजनाच्या ते दीडपट आहे. एक दिवस तसंच ठेवून पट्टी आणि भिंतीच्या मध्ये फट पडते का ते बघावं. पडली तर मांडणी उतरवून पुन्हा बसवावी.

कुठे लावावी, काय ठेवावं?

चूल किंवा गॅसच्या वर मांडणी लावू नये. वाफेने मसाला ओलसर होतो, उष्णतेने वास उडतो आणि डबा काढताना पदर किंवा बाही ज्योतीवर येते. बाजूला किमान दोन फूट अंतर ठेवावं. थेट ऊन पडणारी जागाही नको, मिरचीचा लाल रंग फिका पडतो. जड बरण्या खाली, हलक्या वर. लहान मुलं असतील तर काचेऐवजी स्टीलचे डबे बरे.

उंदराचं औषध, बियाणाला चोळायची पावडर, फवारणीची बाटली यातलं काहीही या मांडणीवर किंवा तिच्याजवळ ठेवू नये. उंदीर मारायचं झिंक फॉस्फाइड काळपट राखाडी पावडर असतं, अंधारात मसाल्याच्या पुडीसारखं दिसतं. औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात मसाला भरू नये. मसाल्याला बुरशीचा वास आला तर उन्हात घालून वापरायचा मोह टाळावा, तो टाकून द्यावा. बुरशीचं विष उन्हाने जात नाही.

लागलं तर

रक्त येत असेल तर स्वच्छ फडकं जखमेवर घट्ट दाबून हात वर धरावा. हळद, चुना, तंबाखू, मिसरी भरू नये. गंजलेल्या खिळ्याची जखम लहान असली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल जवळच्या आरोग्य केंद्रात विचारावं. डोळ्यात भुसा किंवा तिखट गेलं तर न चोळता स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं धुवावं. रक्त थांबत नसेल, बोट तुटलं असेल किंवा विजेचा धक्का बसला असेल तर १०८ ला फोन करावा. धक्का बसलेल्या माणसाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा. डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर रुग्णवाहिकेला वेळ लागू शकतो, म्हणून फोन लावतानाच गावातली गाडीही तयार ठेवावी.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत, सगळे डबे उतरवून स्क्रू आवळावेत आणि फळीच्या मागे वाळवीची माती दिसते का ते बघावं.