गळा तापेपर्यंत

नागपूरकरांना 'तापणं' हा शब्द काही शिकवायला नको. मे महिन्यात पारा 45च्या वर गेला की माणसं, गच्च्या, नळाचं पाणी, सगळंच तापतं. पण गाणाऱ्यांच्या बोलण्यात हाच शब्द फार प्रेमाने येतो. "थांबा हो, अजून गळा तापला नाही," असं म्हणणारा एखादा गायक तुम्हीही ऐकला असेल. खेड्यापाड्यात डफ किंवा हलगी वाजवण्याआधी जाळावर शेकतात. कातडं ताणलं जातं आणि मग तो आवाज कसा खणखणीत निघतो! गळा काही असा जाळावर धरता येत नाही. मग तो तापवायचा कुठे? किती वेळ? आणि कुणासमोर?

बरीच वर्षं हे डोक्यात घोळतंय. जसजसं वाचत गेलो तसतसं वाटायला लागलं की आपल्या गाण्याचा एक छोटासा इतिहास या तीन प्रश्नांतच दडलेला आहे.

सुरुवात आपल्याच मुलखातून करू. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी, सिंघण राजाच्या काळात, शार्ङ्गदेव नावाचा पंडित होता. त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात आवाजाची तीन स्थानं सांगितली आहेत: मंद्राचं हृदय, मध्याचं कंठ आणि ताराचं मूर्धा. म्हणजे छाती, गळा आणि डोकं. खालून वर जाणारा जिनाच म्हणा ना! त्याच ग्रंथात 63 अलंकारही मोजून दिले आहेत. आज गाण्याच्या क्लासात पोरं जे 'सारेग, रेगम' घोकतात, त्याचं घराणं इतकं जुनं आहे.

आता आजचं शास्त्र काय म्हणतं बघा. पुरुषाने काळी एकचा सा लावला की त्याच्या गळ्यातले स्वररज्जू सेकंदाला साधारण 139 वेळा एकमेकांवर आपटतात. तार षड्जाला हाच आकडा दुप्पट, म्हणजे 277च्या आसपास. खालच्या सुरांना हे रज्जू सैल आणि जाड असतात, वरच्या सुरांना ते ताणले जाऊन पातळ होतात. म्हणून आधी खाली रेंगाळायचं आणि मग एकेक पायरी चढायची, यात काही गूढ नाही. झोपेतून उठल्या उठल्या धावायला न लागण्याइतकं ते सरळ आहे.

तर पहिला प्रश्न, कुठे?

घराण्यांच्या काळात याचं उत्तर होतं 'दाराआड'. पहाटे उठून खर्ज लावायचा, मंद्रातला एकेक सूर धरून बसायचं, ही रियाजाची रीत. अर्थात खर्जाची साधना आणि गाण्याआधी गळा मोकळा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीने गळा घडतो, दुसरीने तो त्या दिवसापुरता जागा होतो. पण दोन्ही घरात, उस्तादाच्या नजरेखाली आणि परक्या कानांपासून लांब व्हायच्या. रियाज म्हणजे घरातली पुंजी, ती चारचौघांत कोण उघडी करणार? पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या 'कट्यार काळजात घुसली' या नाटकाचा (1967) अर्धा जीव याच गोष्टीत आहे. खाँसाहेब शिकवत नाहीत म्हणून सदाशिव ती गायकी चोरून ऐकून उचलू पाहतो. दारव्हेकर मास्तर आपल्या नागपूरचे आणि खाँसाहेब रंगवणारे वसंतराव देशपांडेही इथेच वाढलेले, म्हणून या नाटकावर आमचा जरा जास्तच हक्क!

गळ्याची किंमत काय असते ते अल्लादियाखाँसाहेबांच्या गोष्टीवरून कळतं. पुढे कोल्हापूरला शाहू महाराजांकडे आलेले हे गवई तरुणपणी माळव्यातल्या आमलेट्याला होते. तिथे मालकाच्या हौसेखातर तासन् तास गावं लागायचं. शेवटी आवाज गेला. काही काळाने तो परत आला, पण पूर्वीचा राहिला नाही. जो आवाज उरला त्याला साजेल अशी वेगळी गायकी त्यांनी घडवली, आणि तीच आपण जयपूर-अत्रौली म्हणून ओळखतो. गोष्ट मोठी स्फूर्तिदायक आहे, मान्य. पण असा आवाज जाऊन नवी गायकी काढणारा एखादाच. बाकीच्यांचा आवाज नुसता जातो.

दुसरा प्रश्न, किती वेळ?

इथे मला आपल्या जुन्या लोकांचं खरंच कौतुक वाटतं. त्यांनी गळा तापवणं गाण्यातच गुंफून टाकलं होतं. ध्रुपदातली आलापी घ्या किंवा बडा ख्याल घ्या, गवई मंद्र-मध्यात रेंगाळतो, एकेका सुराची ओळख करून देतो आणि बऱ्याच वेळाने तार षड्जाला हात घालतो. आपण त्याला रागाची बढत म्हणतो. ती आहेच, पण त्याच वेळात गळाही तापत असतो! वारकरी भजन बघा. आधी संथ नामघोष, मग रूपाचा अभंग, आणि रात्र चढेल तसा टिपेचा सूर. तमाशात आधी गण. संगीत नाटकात आधी नांदी. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं. तेव्हापासून कितीतरी वर्षं नटमंडळी माइकशिवाय, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात रात्र रात्र गात होती. सुरुवातीला सगळ्यांनी मिळून म्हटलेली नांदी ही देवाची स्तुती खरीच, पण त्या गळ्यांना ती दिवसातली पहिली ऊबही देत असणार असं मला वाटतं. एकट्याने चुकायची भीती नाही, सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळून बघायचा.

तिसरा प्रश्न, कुणासमोर? वरच्या सगळ्या उदाहरणांत याचं उत्तर आहे, ऐकणाऱ्यांसमोर. पहिल्या वीस मिनिटांत आवाज थोडा खरखरला, एखादा सूर दाबून लागला तर कुणी तिकिटाचे पैसे परत मागत नव्हतं. उलट, तो आवाज हळूहळू उमलताना ऐकणं हाही मैफिलीचा आनंद होता.

मग विष्णु दिगंबर पलुस्कर आले. 1901मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि दाराआडचा रियाज वर्गात आणला. फळा, पुस्तक, वेळापत्रक आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणायचे अलंकार. त्यांचेच शिष्य शंकरराव सप्रे यांची शाळा नागपुरात होती. लहानपणी वसंतराव तिथे शिकले, आणि पुढे सी. रामचंद्र म्हणून गाजलेले राम चितळकरही. एकीकडे 'कट्यार'चे खाँसाहेब, दुसरीकडे सिनेमाची गाणी, आणि दोघांची पहिली पलटे-अलंकारांची पाटी मात्र नागपुरातली! सामान्य घरातल्या मुलांना गळा कसा तापवायचा हे शाळेत कळू लागलं, ही मला पलुस्करांच्या पिढीची सगळ्यात मोठी देणगी वाटते.

पण त्याच सुमाराला घड्याळही आलं. नोव्हेंबर 1902मध्ये कलकत्त्यात गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित झालं. तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची. तीन मिनिटांत राग मांडायचा, तान घ्यायची आणि संपवायचं. तिथे रेंगाळणार कुठे? मग रेडिओ आला. आपलं नागपूर केंद्र 1948चं. लाल दिवा लागला की पहिला सूर तयारच हवा. गळा तापवणं अशा रीतीने ऐकणाऱ्यांसमोरून उठलं आणि बाहेरच्या व्हरांड्यात, ग्रीनरूममध्ये, रिक्षात जाऊन बसलं. ज्याला व्हरांडा मिळाला त्याचं निभावलं. ज्याला नाही मिळाला त्याचं काय?

हे मी घरात पाहिलंय. माझी आई शाळेत संगीत शिकवायची. सकाळी सातची शाळा. डिसेंबरात नागपूरचा पारा दहाच्या खाली जातो हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही, पण जातो. आमचे डबे भरून, सायकल मारत ती शाळेत पोचायची, आणि तिच्या गळ्यातून दिवसाचा पहिला सूर निघायचा तो थेट मैदानावर, शेकडो मुलांच्या पुढे, उंच पट्टीतल्या प्रार्थनेचा. मागच्या रांगेतल्या पोरांपर्यंत पोचायला हवं ना! नंतर दिवसभर तास. वेळापत्रकात सगळं होतं, तिच्या गळ्यासाठी दहा मिनिटं नव्हती. चाळिशी उलटल्यावर आवाज बसायला लागला. डॉक्टरांनी आरसा घालून बघितलं आणि स्वररज्जूंवर गाठी आहेत म्हणाले. नोकरी चालू राहिली, पण घरातलं गाणं थांबलं. देवघरात ती आरती म्हणायची तीसुद्धा ओठांतल्या ओठांत.

तेव्हा घरात ज्येष्ठमध, खडीसाखर, लवंग यांचा नुसता मारा चालायचा. नंतर कळलं की आपण गिळतो ते स्वररज्जूंना लागतच नाही. गिळताना तो रस्ता बंद होतो आणि घास मागच्या नळीने जातो. तिथपर्यंत थेट पोचते ती हवा आणि वाफ. स्वररज्जू ओले राहायला दिवसभर थोडं थोडं पाणी प्यायचं, थोडं गप्प बसायचं आणि गाण्याआधी हळूच गुणगुणायचं, इतकं साधं आहे ते. आणि तो डॉक्टरांचा आरसा? तो एका गाणं शिकवणाऱ्याने शोधलाय! 1854मध्ये मान्युएल गार्सिया या लंडनमध्ये शिकवणाऱ्या गायनशिक्षकाने दातांच्या डॉक्टरांचा छोटा आरसा आणि सूर्याचा प्रकाश वापरून स्वतःचेच स्वररज्जू गाताना पाहिले. गवयाने डॉक्टरांना दिलेली ही भेट. आई गेल्यावर मी हे वाचलं. तिला सांगायला आवडलं असतं.

असो. आज मोबाइलमध्ये तानपुरा आहे, तरी वेळ कुणाकडे आहे? लहान मुलांच्या स्पर्धांत पोरं तासन् तास बाकावर गप्प बसून असतात आणि नाव पुकारलं की उठून एकदम तार सप्तकात शिरतात. परीक्षकही दाद देतात ती त्या वरच्या सुरालाच. शाळांमधून सकाळच्या प्रार्थना अजून त्याच पट्टीत चालू आहेत.

माझं मागणं फार मोठं नाही. स्पर्धा घेणाऱ्यांनी एक रिकामी खोली द्यावी. शाळांनी प्रार्थना दोन पट्ट्या खाली आणावी आणि आधी मिनिटभर सगळ्यांनी मिळून नुसता 'सा' लावावा, त्यात बाईंचाही गळा तापेल. आणि आपण ऐकणाऱ्यांनी सिव्हिल लाइन्सच्या वसंतराव देशपांडे सभागृहात जरा वेळेवर पोचावं. पहिला अर्धा तास बाहेर चहा पीत "आता कुठे रंगेल" असं म्हणत उभे राहतो ना आपण, तेव्हा आत एक माणूस आपल्या गळ्याला जागं करत असतो. ते गाणंच असतं.