फड पद्धती : वाटून घेतलेले पाणी

धुळे जिल्ह्यातील पांझरा आणि नाशिकच्या बागलाण भागातील मोसम व आरम या नद्यांवर दगडी बंधारे बांधून, पाटाने पाणी फिरवून, शेती सामुदायिक नियमांनी चालवण्याची जी रीत काही शतके टिकली, तिला फड पद्धती म्हणतात. फड म्हणजे भिजणाऱ्या क्षेत्राचा एक सलग तुकडा. असे बहुधा तीन-चार फड असत, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, आणि ऊस कोणत्या फडात लावायचा हे शेतकरीच ठरवत. प्रत्येकाची जमीन शक्यतो प्रत्येक फडात असल्याने, पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर तूट एकट्याच्या माथी येत नसे. या पद्धतीचे खरे शहाणपण इथेच आहे. बारे देणारा पाटकरी आणि पिके राखणारा जागल्या यांना मोबदला धान्यात मिळे. तरीही ही समता जमीनधारकांपुरतीच होती, हे विसरता येत नाही. पाणी जमिनीला नव्हे, माणसाला, हे सूत्र विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने 1970 च्या दशकात पुरंदर तालुक्यात मांडले आणि भूमिहीनांनाही पाण्यात वाटा दिला.