वायू, तारा आणि कणांचा झोत

कणांचा झोत म्हणजे बागेतल्या नळीतून सुटणारी पाण्याची धार, अशी कल्पना आपण केली तर ती फारशी चुकणार नाही. धार किती रुंद आहे, कोणत्या अंगाला झुकली आहे, हे कळल्यावाचून ती वाफ्यात नेमकी सोडता येत नाही. मात्र पाण्याची धार दिसते. प्रोटॉनांची दिसत नाही. ती पाहणारा डोळा वायूत सापडला, त्याची ही हकिकत.

तिचा आरंभ मँचेस्टरला १९०८ साली झाला. रदरफर्ड व गायगर यांनी विरळ वायूच्या नळीत मधोमध तार ताणली आणि दोहोंमध्ये विजेचा मोठा दाब ठेवला. अल्फा कण आत शिरला की वायूतून इलेक्ट्रॉन सुटत, ते धावताना आणखी अणू फोडीत, आणि एकाचे हजारो होऊन मापकाचा काटा हले. कण गेला एवढे समजे. कोठून गेला, ते समजत नसे.

मग पुष्कळ तारा शेजारी शेजारी का लावू नयेत? एका तारेची खूण शेजारणींतही उमटेल आणि सगळा घोटाळा होईल, अशी जाणत्यांची समजूत होती. जॉर्ज शार्पाक यांनी ती मानली नाही. पोलंडमध्ये जन्मलेले, पॅरिसमध्ये वाढलेले हे ज्यू गृहस्थ; विशीतच डाखाऊच्या छळछावणीत गेले आणि १९४५ मध्ये जिवंत परतले. जिनिव्हाच्या सर्न संस्थेत १९६८ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी केसाहून बारीक तारा दोन-तीन मिलिमीटरांवर ताणल्या. लोंढा ज्या तारेवर कोसळतो तिची खूण ऋण, शेजारणींची उलट, धन! आमच्या मते खरी बुद्धी या निरीक्षणात आहे. पूर्वी बुडबुडापेटीची छायाचित्रे माणसे एकेक करून तपाशीत. आता एकेक तार सेकंदाला लाखो कण टिपू लागली. शार्पाकांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रत्येक तारेची मोजणी शेजारी शेजारी मांडली की झोताची आकृती उभी राहते. पण मंद कणांपुढे हीच तार आडवी येते. सर्नमधील मंद प्रतिप्रोटॉन तिच्यावर आपटून विखुरत, आणि पाहण्यानेच आकृती बिघडे. तेथे मग फाबिओ साउली यांनी १९९७ मध्ये पुढे आणलेला तांबे चढवलेला, सूक्ष्म छिद्रांचा प्लास्टिकचा पापुद्रा उपयोगी पडला. लोंढा त्या छिद्रांतच वाढतो, आणि उभी व आडवी अशा दोन्ही नोंदी एकाच पातळीवर घेता येतात.