रत्नागिरी : सह्याद्री आणि सागर यांच्यामधला जिल्हा

गणपतीपुळ्याला समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून बसलेला गणपती आहे. देवळामागची टेकडीच देवाचे रूप मानली जात असल्याने येथे प्रदक्षिणा देवळाला नव्हे, तर टेकडीला घालतात. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला समुद्र. रत्नागिरी जिल्ह्याची सारी रचना या प्रदक्षिणेत सामावलेली आहे.

भूगोल

८,२०८ चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्याच्या पूर्वेस सह्याद्री, पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस रायगड आणि दक्षिणेस सिंधुदुर्ग आहे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा झाला. आज मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा आणि राजापूर असे नऊ तालुके आहेत. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या नद्या घाटातून उतरून थोडक्याच अंतरात खाडीला मिळतात. पाऊस तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो, पण जांभ्याच्या सच्छिद्र दगडातून पाणी निसटते आणि उन्हाळ्यात वाड्यावस्त्या टंचाईने हैराण होतात. जांभ्याच्या याच सड्यांवर प्राचीन मानवाने कातळशिल्पे कोरली. त्यांपैकी उक्षी, कशेळी, बारसू आदी स्थळांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला.

इतिहास

दाभोळ हे मध्ययुगातील गजबजलेले बंदर. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते जाळले. राजापूरची इंग्रजांची वखार शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये लुटली, तर १६८९ मध्ये संगमेश्वरी संभाजी महाराज मोगलांच्या हाती सापडले. पेशवाईच्या अस्तानंतर, १८१८ मध्ये, हा मुलूख इंग्रजांकडे गेला. सत्ताधाऱ्यांना हा कोपरा दूर ठेवण्याच्या माणसांसाठी सोयीचा वाटला : ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ मधील मृत्यूपर्यंत येथेच होता, सावरकर १९२४ ते १९३७ या काळात स्थानबद्ध होते. त्यांच्या प्रेरणेने १९३१ मध्ये सर्व जातींना खुले असे पतितपावन मंदिर उभे राहिले.

लोक

कुणबी, मराठा, भंडारी, खारवी, तेली, चित्पावन, बौद्ध आणि कोकणी मुसलमान अशी येथील वस्ती. संगमेश्वरी बोली, नमन-खेळे आणि जाखडी ही त्यांची ओळख. लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, केशवसुतांचा गणपतीपुळ्याशेजारच्या मालगुंडचा. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. कसणाऱ्या कुळांना पिढ्यानपिढ्या दाबून ठेवणाऱ्या खोती पद्धतीविरुद्ध बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत विधेयक मांडले. ती रद्द करणारा कायदा मात्र १९४९ मध्ये झाला.

तुटपुंजी, डोंगरउताराची शेती आणि खोताचा जाच यांमुळे कोकणी माणूस मुंबईच्या गिरण्यांकडे वळला. गावची चूल त्याच्या मनीऑर्डरीवर पेटत राहिली. गिरण्या गेल्या, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, हापूस परदेशी पोहोचला. तरी गाव सोडणे थांबले नाही. २००१ मध्ये १६ लाख ९६ हजार ७७७ असलेली लोकसंख्या २०११ मध्ये १६ लाख १५ हजार ६९ वर आली. त्या वर्षी दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, म्हणजे राज्यातील सर्वाधिक. हा आकडा अभिमानाचा खरा. पण कमावते पुरुष घरापासून दूर आहेत, हेही तो सांगतो.

गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर सुटीच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. त्याच जिल्ह्यातील कितीतरी घरांची कुलुपे मात्र शिमग्याला आणि गणपतीलाच उघडतात. पर्यटन, फळप्रक्रिया आणि मासेमारी यांतून गावातच वर्षभराचा रोजगार उभा राहतो का, यावर ही कुलुपे कायमची निघणार की नाही, हे ठरेल.