छडीचें भय आणि बक्षिसाची लालूच

वकिली सोडून शिक्षक झालेल्या गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं काठेवाडांतील भावनगर येथें दक्षिणामूर्ति बालमंदिर काढलें. त्यांत शिक्षा नव्हती, हें ठीकच. परंतु बक्षीसही नव्हतें! भय काय किंवा लालूच काय, दोहोंनीं मुलाचें चित्त कामावरून उडून शिक्षकाच्या तोंडाकडे लागतें, असें माँटेसरी पद्धतीचें म्हणणें. हेंच व्रत घेऊन ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डीस बालवाडी चालविली. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस शाळांतून मनाई करणारा कायदा मात्र २००९ सालीं झाला. छडी त्यानें निषिद्ध ठरविली. पहिल्या क्रमांकाचा हव्यास आम्हां सुशिक्षितांनींच घरांत जोपासला आहे, आणि निकालाच्या आदल्या रात्रीं मूल जागें राहतें तें त्याच्या धाकानें.